करडीचं तेल आणि कोंडिराममामांचे बूट

कोंडिराममामा एअर रायफलींच्या कंपनीला फोन लावायचे, तेव्हा आधी चपला काढून बूट घालायचे. नाड्या नीट बांधायच्या, सदरा खोचायचा आणि मग ताठ उभं राहून नंबर दाबायचा. पलीकडून अर्धा तास नुसतं संगीत वाजलं तरी मामा उभेच. मी एकदा म्हणालो, "मामा, त्यांना तुमचे पाय थोडेच दिसतात?" तर म्हणाले, "त्यायला न्हाई दिसत, मला दिसून राह्यले ना."

मामा राखीव पोलिसांत आर्मरर होते. सगळी नोकरी बंदुका खोलण्यात, पुसण्यात आणि परत जोडण्यात गेली. वडील पिंपळगाव रेणुकाईला मेंढरं राखायचे. निवृत्तीनंतर मामांनी भोकरदनला भुसार मालाचं एक रिकामं गोदाम भाड्यानं घेतलं आणि एअर रायफलचा क्लब काढला. तीन रायफली, दहा मीटर अंतर, भिंतीवर कागदी लक्ष्य.

मी तहसीलमधला कारकून. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला, तेव्हा एका जागी उभं राहून करता येईल असा खेळ शोधत शोधत मी तिथं पोचलो. पहिल्या दिवशी माझी गोळी शेजारच्याच्या कागदावर लागली. मामा म्हणाले, "कारकूनसाहेब, फाईल बी अशीच दुसऱ्याच्या टेबलावर सारता का?"

या रायफलींत हवा भरावी लागते. क्लबात त्यासाठी एकच हातपंप होता, सायकलच्या पंपासारखाच, पण दहापट चिवट. तो मारताना माझं पोट आणि पंपाचा दांडा यांची गाठ पडायची आणि दोघंही कुरकुरायचे. पोटाचा इलाज माझ्याकडे नव्हता. दांड्याचा मी केला.

आमच्या घरी जे कुरकुरेल त्याला घाण्याचं करडीचं तेल घालतात. दाराच्या बिजागऱ्या, शिवणयंत्र, झोपाळा, एवढंच काय, माझा कानसुद्धा त्यातून सुटलेला नाही. एका सकाळी मामा यायच्या आधी मी घरून आणलेल्या बाटलीतलं टोपणभर तेल पंपात सोडलं. कुरकुर थांबली. दोन दिवस मी स्वतःला इंजिनिअर समजत होतो. तिसऱ्या दिवशी पंप नुसता फुसफुसायला लागला. पंपाच्या बुडाशी कंपनीची चिठ्ठी चिकटवलेली होती : कोणतेही तेल घालू नये. दिवसभर लोकांना 'अर्ज नीट वाचून भरा' म्हणून ओरडणाऱ्या माणसाला ती तेव्हा दिसली.

अवघ्या बारा दिवसांवर संभाजीनगरची स्पर्धा होती. मामांनी ज्येष्ठांच्या गटात नाव दिलं होतं. नोकरीभर त्यांनी दुसऱ्यांच्या बंदुका तयार करून दिल्या. स्वतः स्पर्धेत कधी उभे राहिले नव्हते. आणि उजव्या हाताला बारीक कंप सुरू झाला होता. "ह्या साली हात ऐकून राह्यला," ते म्हणायचे, "फुडल्या सालचं काय सांगता येत न्हाई." तिन्ही रायफलींतली हवा संपत आली होती. पंपाशिवाय सराव नाही, आणि सरावाशिवाय मामा जाणार नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

कंपनीला फोन करायला मीच पुढे झालो. शिकलेला माणूस ना! खुर्चीत रेलून, चपला घालून. पलीकडच्या मुलीनं गोड आवाजात विचारलं, "सर, पंपात तेल वगैरे घातलं होतं का?" मामा शेजारीच उभे होते. मी म्हणालो, "छे छे, बिलकुल नाही!"

माझ्या शब्दावर विश्वास ठेवून कंपनीनं वॉरंटीत नवा व्हॉल्व्ह पाठवला. तो यायला सहा दिवस लागले. बसवला, तरी पंप फुसफुसतच राहिला. तेव्हा मामांनी पांढरं फडकं अंथरलं आणि पंप खोलला. आतलं रबर फुगून मऊ झालं होतं. त्यांनी त्यावरून बोट फिरवलं, नाकाशी नेलं.

"करडी," ते म्हणाले. "घाण्याची."

मी छताकडे बघत राहिलो. गोदामाच्या पत्र्याला किती भोकं आहेत ते मला त्या दिवशी कळलं. मामा उठले, बूट घातले, नाड्या बांधल्या आणि फोन लावला.

"ताई, पंपात तेल गेल्तं. चूक आमची हाय. पयल्या फोनात खोटं सांगितलं, ते बी आमीच."

पलीकडून मुलगी म्हणाली, "सर, मग वॉरंटी नाही मिळणार."

"नगं. खर्चा आमचा. फकस्त रबर जल्दी पाठवा."

रबर आलं स्पर्धा होऊन गेल्यावर, दुसऱ्या दिवशी. स्पर्धेच्या दिवशी मामा गोदामातच रिकामी रायफल खांद्याला लावून लक्ष्याकडे बघत उभे होते. नळी जरासुद्धा हलत नव्हती. मी मागे उभा राहून ते बघितलं आणि तेव्हाही तोंड उघडलं नाही. पुढच्या वर्षी हातानं खरंच ऐकायचं सोडलं. मामा त्या स्पर्धेत कधीच उभे राहिले नाहीत. क्लबात कुणी पंपाचं विचारलं तर म्हणायचे, "आमच्याच हातून झालं." त्या 'आमच्या'त मी तीन वर्षं आरामात लपून बसलो.

गेल्या उन्हाळ्यात मामा फार आजारी असल्याचं कळलं, म्हणून पिंपळगावला गेलो. ते बाजेवर पडले होते, उजवा हात छातीवर थरथरत होता. इकडचं तिकडचं बोललो, चहा झाला. निघताना मला काय झालं कोण जाणे, मी बाजेसमोर ताठ उभा राहिलो.

"मामा, पंपात तेल मी घातलं होतं. खोटंही मीच बोललो. चूक माझी. तुमची स्पर्धा माझ्यामुळं गेली."

मामांनी माझ्याकडे बघितलं. मग नजर हळूहळू खाली माझ्या पायांपर्यंत नेली.

"अन् हे चपलेवर सांगायलेत व्हय, कारकूनसाहेब?"

आम्ही दोघंही हसलो. मी हसता हसता रडलो, ते मात्र नुसतेच हसले. "मला वाटलं, तुमी येतच न्हाईत," एवढंच पुढे म्हणाले.

आठ दिवसांनी मामा गेले. अंत्ययात्रेत भर उन्हात, ढेकळांतून, सगळे चपलांवर किंवा अनवाणी चालले होते. मी एकटाच बूट घालून, नाड्या बांधून गेलो.