मिनिटरावांचा आठ दिवसांचा तक्ता

डेपोत त्यांना सगळे मिनिटराव म्हणत, आणि तेही तोंडावर. एकतीस वर्षं बसगाड्यांचं वेळापत्रक आखणाऱ्या माणसाला दुसरं नाव मिळणं कठीणच होतं. जिन्याखालची चिंचोळी खोली, उतरती लाकडी फळी, तिच्यावर टेबलाएवढा कागद आणि कानामागे दोन पेन्सिली: निघण्याची निळी, परतीची तांबडी. कुठली गाडी किती वाजता कुठे असेल हे ते डोळे मिटून सांगत. गाडी तिथे नसली तर चूक गाडीची.

त्यांचा एक नियम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. दिवसभर कुठेही भटका, रात्री गाडी डेपोत हवी. पूर्वी काही गाड्या मुक्कामी असत. संध्याकाळी दूरच्या गावी जाऊन तिथेच थांबत आणि पहाटे प्रवासी घेऊन निघत. त्या हमखास उशिरा येत. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी मिनिटरावांनी अशी पहिली गाडी बंद करून दाखवली, साहेबांनी पाठ थोपटली, आणि पुढच्या पाच वर्षांत मुक्कामी गाडी औषधालाही उरली नाही. हे ते पाहुण्यांना अजून सांगत. पाहुण्यांना ते पाठ झालं होतं.

निवृत्तीनंतर तिसऱ्या आठवड्यात त्यांनी बायकोला जाहीर केलं, "आपण फिरायला जायचं. डोंगर, मैदान, समुद्र, तिन्ही. आठ दिवस. तू फक्त बॅग भर, बाकी माझ्यावर सोड."

बायकोने शिलाई मशीन थांबवलं. सुट्ट्यांच्या दिवसांत जादा गाड्या सुटत, म्हणून यांना कधी रजाच मिळाली नव्हती. "खरंच?" एवढंच ती म्हणाली. पण त्याच दुपारी ग्राहकांचे कपडे बाजूला सारून तिने स्वतःसाठी रुंद काठाची कापडी टोपी शिवायला घेतली.

मिनिटराव चार दिवस जेवणाचं टेबल अडवून बसले. दोघं खिडकीच्या कठड्यावर ताटं ठेवून जेवली. पाचव्या दिवशी तक्ता तयार झाला.

"हे बघ. मैदानातल्या गावात एकच खोली, आठही दिवस. सामान हलवायची कटकट नाही. सहाला निघालो की नवाला समुद्र. साडेचारला परत फिरायचं, साडेसातला खोलीवर हजर. डोंगराचंही तसंच." आणि ते कौतुकाची वाट बघत उभे राहिले.

तिने तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला. टोपीतली सुई काढून रिळात खोचली. "तुम्ही जाऊन या. मी नाही येत."

"का? कुठे एक मिनिट वाया जात असेल तर दाखव."

"तुमचा समुद्र साडेचारला संपतो."

"अगं, रात्री परत नको का यायला?"

"कशाला? मी काय गाडी आहे?"

एकतीस वर्षांत हा प्रश्न मिनिटरावांना कुणी विचारला नव्हता. गाड्या बोलत नाहीत.

"माझे बाबा किनाऱ्यावरच्या गावाला मुक्कामी गाडी न्यायचे," ती म्हणाली. "घरी आले की सांगायचे, पहाटे दार उघडलं की समोर समुद्र. रात्री गेलेल्या होड्या उजाडता उजाडता परत येतात. आधी नुसते दिवे दिसतात, मग माणसं. परीक्षा झाली की तुला नेतो म्हणाले होते. परीक्षा संपली त्याच आठवड्यात गाडी बंद झाली. मग राहूनच गेलं. आता एकदाच जायचं, तर ते तरी बघू दे."

गाडी बंद झाली, एवढंच ती म्हणाली. कुणी केली ते म्हणाली नाही.

मिनिटरावांना ती गाडी चांगलीच आठवत होती. तीच पहिली. त्यांच्या तक्त्यात ड्रायव्हर नुसत्या आकड्यांनी असत. त्यातला एक आकडा म्हणजे आपले सासरे, हे कधी त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. आणि पुढे त्याच सासऱ्यांनी, पोरगा वेळेचा पक्का आहे, म्हणून त्यांना मुलगी दिली होती. मिनिटरावांना मनापासून लाज वाटली. त्यांनी तक्ता गुंडाळून कपाटावर टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते डेपोत गेले ते थेट ड्रायव्हरांच्या विश्रांतीच्या खोलीत. एकतीस वर्षांत तिथे त्यांनी पाऊल टाकलं नव्हतं. लांब पल्ल्याचा एक जुना ड्रायव्हर बाकावर चहा पीत होता.

"काय मिनिटराव, आज कोण लेट आहे?"

"मीच," मिनिटराव म्हणाले. "मला एक सांगा. त्या किनाऱ्यावरच्या गावी तुम्ही मंडळी रात्री झोपायचात कुठे?"

ड्रायव्हरने त्यांच्याकडे नीट पाहून घेतलं. मिनिटराव विचारतायत म्हणजे नवलच होतं. "धक्क्याला लागून एक घर आहे. माडीवर दोन खोल्या. तेव्हा म्हातारी बघायची, आता तिची सून देते. पंखा फार आवाज करतो. पण खिडकी उघडली की पंखा लागत नाही." त्याने नंबर लिहून दिला.

मग मात्र मिनिटराव पुन्हा मिनिटराव झाले. दोन दिवसांत नवा तक्ता उभा राहिला: दोन रात्री डोंगरात, दोन मैदानात, उरलेल्या तिन्ही समुद्रावर. तिच्या गुडघ्यांसाठी दर दोन तासांनी थांबा. तांबडी पेन्सिल एकदाच वापरलेली, शेवटच्या दिवशी.

तक्ता तिच्यापुढे ठेवून ते म्हणाले, "तुझ्या बाबांची गाडी मी बंद केली होती."

"माहीत आहे. लग्न ठरलं तेव्हाच बाबांनी सांगितलं होतं."

"आणि इतकी वर्षं तू बोलली नाहीस?"

"तुम्हीच दर पाहुण्याला सांगत होतात. मी आणखी काय बोलणार?"

ती तक्त्यावरून बोट फिरवू लागली. बोट समुद्राशी येऊन थांबलं. तिथल्या पहिल्या सकाळी, उठण्याच्या वेळेचा रकाना कोरा होता.

"इथली वेळ राहिली."

"ती मला माहीत नाही," मिनिटराव म्हणाले. "तू लिही."

तिने त्यांच्या कानामागची निळी पेन्सिल काढली आणि लिहिलं, होड्या येतील तेव्हा. मिनिटरावांनी ते वाचलं आणि डेपोत करत तशी तक्त्याखाली सही केली.