पालीचा नवरा

आमच्या घरात सरडा पाळला होता असं सांगितलं की माणसं आधी हसतात आणि मग विचारतात, कशाला? याचं उत्तर मला तेव्हाही नीट देता येत नव्हतं. सरडा कोणी पाळत नाही. पोरं त्याला दगड मारतात. तो लांबूनच माणसाचं रक्त पितो, अशी आमच्या मोरव्यात सगळ्यांची खात्री होती, आणि बायका त्याला बघून वाट बदलायच्या. त्यातून आमचा तर नेहमीचा कुंपणावरचा सरडाही नव्हता. घोडबंदरकडच्या डोंगरातून लाकडं घेऊन येणाऱ्या बैलगाडीत, एका मोळीच्या फांदीला चिकटून तो आला. गाडीवाल्याने त्याला घोयरा म्हटलं. एक डोळा पुढे, एक मागे, शेपटीचं वेटोळं, आणि चाल अशी की पाऊल टाकू की नको हे प्रत्येक वेळी नव्याने ठरवायचं. पानात बसला की हिरवा, खोडावर बसला की मातकट.

मी फांदीसकट तो चुलीत घालणार होते. वडिलांनी बाजेवरून हात पुढे केला आणि म्हणाले, दे इकडे.

वडील मिठागरावर मुकादम होते. एकदा बांधावरून घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. हाडवैद्याने ते बसवलं, पण वाकडं बसवलं. तेव्हापासून ते ओटीवरच्या बाजेवर होते. ज्या माणसाच्या हाकेवर सगळे कामगार हातातली फावडी थांबवायचे, त्याला आता पाण्याच्या तांब्यासाठी मला हाक मारावी लागायची, आणि ती हाक ते शिवी दिल्यासारखी मारायचे. बाकीचा वेळ भिंतीकडे तोंड. जेवण आलं की भिंतीकडे, कोणी भेटायला आलं की भिंतीकडे. माझं लग्न त्यांच्या कंबरेपायी लांबलं होतं, तेव्हा माझा स्वभावही काही मधात घोळलेला नव्हता.

घोयरा आला आणि वडिलांचं तोंड भिंतीकडून अंगणाकडे वळलं. एवढीच गोष्ट, पण ती केवढी मोठी हे आई आणि मीच जाणत होतो. जुन्या बादलीत दगड भरून त्यात पेरूची फांदी रोवली आणि बाजेच्या उशाशी ठेवली. वडील त्याच्याशी बोलायचे. खाडीला भरती किती आली, मिठागरात पाणी कधी घ्यायचं, नवा मुकादम कसा बिनडोक आहे, सगळं. तो एक डोळा वडिलांकडे ठेवायचा आणि दुसरा माशीकडे. जीभ सुटली की माशी गायब. वडील हसायचे. मी शेताच्या बांधावर पदराची झोळी करून नाकतोडे धरत हिंडायचे आणि लोक मला बघून हसायचे. "मेल्या, तुझ्यापायी माझी अब्रू चालली," असं मी त्याला रोज सांगायचे. मेला, हेच त्याचं नाव झालं.

तो म्हणजे तो, यात कोणाला शंका नव्हती. सरडा हा पुरुष आणि पाल ही त्याची बायको, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. ती घरात राहते, तो बाहेर उंडारतो. वडिलांना हा संसार अगदी पटलेला होता. भिंतीवर पाल चुकचुकली की ते घोयऱ्याला म्हणायचे, जा, तुझी बाईल बोलावते.

दिवाळीच्या तोंडावर त्याने खाणं सोडलं. नाकतोडा डोळ्यांसमोर पाय झाडतोय आणि हा ढिम्म. मग रंग बिघडला. हिरव्यावर काळपट डाग आणि मधे पिवळे ठिपके, कितीही पानात बसवला तरी जाईनात. जो वडिलांच्या मनगटावर तासन्‌तास बसायचा तो हात जवळ नेला की तोंड वासून फुसकारायला लागला. पोट दोन्ही बाजूंनी फुगलं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे तो खाली उतरायला लागला. आजवर त्याने कधी फांदी सोडली नव्हती. आता उतरायचा, शेणाने सारवलेली ओटी पुढच्या पायांनी खरवडायचा, हताश झाल्यासारखा थांबायचा, पुन्हा खरवडायचा. मी वर ठेवला की परत खाली.

वडिलांनी ते पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. मला आधी कळेना. मग ते हळूच म्हणाले, "माणसाला शेवटी खाली घेतात. याला घ्यायला कोन न्हाय, म्हनून हा आपला आपन उतरतोय."

आमच्याकडे माणूस जायला लागलं की त्याला बाजेवरून जमिनीवर घेतात. बाजेवर प्राण जाऊ देत नाहीत. गेलं वर्षभर वडिलांनी बाजेखाली पाय टाकायला नकार दिला होता, हाडवैद्याने सांगूनसुद्धा, तो का, हे मला त्या दिवशी समजलं. घोयरा जोवर वर आहे तोवर मरणार नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं. मला हुकूम झाला, उतरला की वर ठेव. दिवसभर माझं तेच काम. तो उतरतोय, मी ठेवतेय. माझ्या नाकी नऊ आले. आणि मला धास्ती एकच, हा गेला तर वडील पुन्हा भिंतीकडे वळतील, आणि या खेपेला वळले की वळलेच.

मला संताप यायचा तो याचा, की सांगायला सगळे होते, बघायला कोणी नव्हतं. शेजारची काकी कुंपणाबाहेरूनच म्हणाली, काळा पडलेला सरडा घरात ठेवू नये, घरातलं माणूस जातं. आणि हे म्हणताना वडिलांच्या बाजेकडे बघितलं. मी तिला दोन शब्द सुनावले. आईने दृष्ट काढली. मिरच्या चुलीत टाकल्या, ठसका सगळ्यांना लागला, घोयरा होता तसाच.

मग मी त्याला टोपलीत घालून, वर फडकं बांधून स्टेशनाजवळच्या दवाखान्यात नेला. डॉक्टर वसईहून अधूनमधून यायचे, एरवी कंपाउंडर बसायचा. हिवतापाने कुडकुडणारी माणसं ओळीने बसली होती आणि त्यांच्यात मी टोपली घेऊन. काय आहे, विचारलं. सांगितलं. कुडकुडणारेसुद्धा हसले. कंपाउंडर म्हणाला, बाई, युद्ध चालू आहे, माणसांना द्यायला औषध नाही. मी म्हटलं, निदान बघा तरी. त्याने फडक्याला हातही लावला नाही. पोट फुगलंय म्हणजे वायू, एरंडेल द्या, एवढं बोलून पुढच्याला हाक मारली. परत येताना मी रस्ताभर त्याला मनातल्या मनात शिव्या घालत होते आणि घरी आल्यावर मुकाट्याने एरंडेलच दिलं, कारण दुसरं काय देणार? आईने धरला, मी कापसाच्या वातीने तोंडात थेंब सोडला. तो माझ्या बोटाला चावला. एरंडेल माझ्या लुगड्याला लागलं, आईच्या हाताला लागलं, त्याच्या पोटात किती गेलं देव जाणे.

दुसऱ्या दिवशी वडिलांनी त्याच्या कमरेला सुताची दोरी बांधायला लावली. दुसरं टोक फांदीला. मला ते बघवत नव्हतं. तो अर्धा खाली येऊन लोंबकळायचा आणि हवेतच पाय मारायचा. मी म्हटलं, याला फास लागेल. वडील म्हणाले, तू गप. दुपारी सगळे पडले असताना दोरी सुटली. मी सोडली नव्हती, पण सुटली याचं मला वाईटही वाटलं नाही.

तो सापडला आईच्या वाफ्यात. आमचं अंगण खारं. मिठागराच्या शेजारची जमीन, गवतसुद्धा रडतखडत उगवायचं. आईने डोंगराकडची लाल माती टोपल्यांनी आणवून एका कोपऱ्यात छोटासा वाफा केला होता, मिरच्या आणि माठ लावायला. अख्ख्या अंगणात मऊ माती ती तेवढीच. घोयऱ्याने नेमकी ती शोधून काढली होती आणि डोकं खाली घालून खड्डा करत होता. आई ओरडली, माझी मिरची. वडिलांनी बाजेवरून पाहिलं आणि त्याहून मोठ्याने ओरडले, काढ त्याला, आपल्या मरणाची खाच खणतोय तो. मी धावले, ओढून काढला. त्याने मातीत नखं इतकी घट्ट रोवली होती की मला जोर लावावा लागला.

पुढच्या दिवशी पुन्हा तिथेच. पुन्हा काढला.

तिसऱ्या खेपेला मी वाफ्याजवळ गेले आणि हात घालायच्या आधी, का कोण जाणे, उकिडवी बसून नुसती बघत राहिले. तो पुढच्या पायांनी माती खणायचा, मागच्यांनी बाहेर लोटायचा. दमला की थांबायचा, श्वास घ्यायचा, परत सुरू. मरायला टेकलेलं जनावर इतकं राबत नाही. आमची म्हातारी गाय मेली ती मी पाहिली होती, तिने शेपूटसुद्धा हलवली नव्हती. याला काहीतरी करायचं होतं आणि आम्ही सगळे मिळून ते त्याला करू देत नव्हतो.

"काढतेस का न्हाय?" वडील ओरडले.

"न्हाय," मी म्हटलं. "आता कोनी त्याला हात लावायचा न्हाय."

वडिलांना मी तोवर कधी नाही म्हटलं नव्हतं. त्यांनी तांब्या फेकला. तो ओटीच्या पायरीवर आपटला आणि पाणी सांडलं. मग जे तोंड सुटलं त्यात मी होते, माझं न झालेलं लग्न होतं, आई होती, हाडवैद्य होता. मी वाफ्याला पाठ लावून बसले. कोंबड्या आल्या त्यांना हाकललं, आई आली तिलाही हाकललं. ऊन कलायला लागलं तेव्हा तो बाहेर आला आणि वळून स्वतःच्या पायांनी खड्डा बुजवायला लागला. माती ओढून दाबत होता, पोरगी भातुकलीचं अंगण सारवते तसा. तोंडभर लाल चिखल. पोट पार खपाटीला गेलेलं, कातडं लोंबत होतं.

मी त्याला फांदीवर ठेवला आणि वाफ्यात बोट घातलं. आत अंडी होती. सोललेल्या चिंचोक्यांएवढी, पांढरी, बोटाला मऊ लागणारी, एकाला एक लागून. किती होती ते मी मोजलं नाही. एक तळहातावर घेऊन वडिलांपुढे नेलं. मला वाटलं होतं आता तरी ते कबूल करतील.

ते बघून म्हणाले, "पालीची असतील."

"पाल भिंतीच्या फटीत घालते. आन मी बघितलंय," मी म्हटलं.

"सरडा अंडी घालत न्हाय," ते म्हणाले आणि भिंतीकडे वळले. एवढा राग मला आयुष्यात फार थोड्यांचा आला असेल. मी अंडं परत मातीत ठेवलं, वरून दाबलं आणि चुलीपाशी जाऊन भांडी आपटली.

मला वाटलं होतं आता तो खाईल. रंग परत आला, फुसकारणं गेलं, पण डोळे खोल गेलेले आणि पायांची पकड ढिली. नाकतोडा दिला तर जीभ सुटायची नाही, नुसती पुढे यायची आणि परत जायची. खणण्याच्या कामाला लागणारी ताकद आम्ही आधीच दोरीत, एरंडेलात आणि ओढाताणीत संपवली होती. वडिलांनी मात्र तोंड भिंतीकडून पुन्हा वळवलं होतं. ओल्या फडक्यातून त्याच्या तोंडावर थेंब थेंब पाणी सोडत बसायचे. पितोय, बघ पितोय, असं आपल्याशीच म्हणायचे. अंडी बघूनही ते "पितोय"च म्हणतात, हे ऐकून मी आतल्या आत चरफडायचे.

एका सकाळी मी झाडू मारत होते. वडिलांनी हाक मारली, पण नेहमीसारखी नाही, अगदी हळू. घोयरा त्यांच्या तळहातावर होता. शेपटीचं वेटोळं सुटलं होतं.

"मेली गो," वडील म्हणाले.

मी झाडू टाकून त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांनी पुन्हा म्हटलं, "मेली." मग घोयऱ्याच्या पाठीवरून बोट फिरवलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "मला खाली घ्या."

आई दारात तांदूळ पाखडत होती. तिच्या हातातून सूप पडलं. आमच्या घरात हे शब्द फक्त मरणाच्या वेळी बोलले जातात. ती रडायलाच लागली.

"रडतेस काय? कोंबड्या वाफा उकरतील," वडील तिच्यावर खेकसले. "माझी काठी दे."

एका बाजूने आई, एका बाजूने मी, असं आम्ही त्यांना बाजेवरून उतरवलं. त्यांचा पाय जमिनीला लागला तेव्हा ते कण्हले, थांबले, आणि मग म्हणाले, चला. वाफ्याशेजारी गोणपाट टाकून त्यांना बसवलं. घोयऱ्याला त्यांनी स्वतःच्या हाताने, अंड्यांपासून जरा लांब, त्याच मातीत ठेवलं. नंतर काठी मांडीवर घेऊन बसले. दुपारी आईने त्यांचं ताट तिकडेच नेऊन दिलं.