बंद खोलीत वाजणारा फोन

"उद्यापासून येऊ नको."

डॉक्टरसाहेब रिसेप्शनवरच्या प्रज्ञाला भरल्या ओपीडीत सांगत होते आणि मी टूलबॅग घेऊन मध्येच उभा होतो. मला फोन तपासायला बोलावलं होतं. साहेबांनी निकाल आधीच लावून टाकला होता.

सौंसरमधलं हे छोटं हॉस्पिटल. लोक फोन करतात, रिंग जाते आणि कोणी उचलत नाही, अशी तक्रार. आदल्या दिवशी रामाकोन्याहून एका म्हाताऱ्याला छातीत दुखतं म्हणून आणलं. घरच्यांनी निघण्याआधी दोन-तीनदा फोन केला होता. शेवटी तसेच आले, तर साहेब गावाला गेलेले. तिथून नागपूरला पळवावं लागलं. म्हातारा वाचला, पण त्याचा मुलगा काउंटरवर हात आपटून गेला.

"मी जागची हालली नाही सर," प्रज्ञा म्हणाली. "फोन वाजलाच नाही."

"मंग लोक खोटं बोलून राहिले का?"

प्रज्ञा लोधीखेड्याहून बसने यायची. आईवडील शेतमजुरीला जात. खुर्चीत बसून काम करणारी घरातली ती पहिली. नोकरी एक वेळ दुसरी मिळाली असती. पण तिच्या आळसापायी माणूस मरता मरता वाचला, ही बातमी तिच्याआधी गावात पोचली असती. मला राग आला. तपास न करता माणसावर खापर फोडणारे मालक या धंद्यात फार भेटतात.

"सर, आधी मला बघू द्या," मी म्हणालो.

मोबाइलवरून हॉस्पिटलला फोन लावला. रिसेप्शनवर वाजला. पुन्हा लावला. माझ्या कानात रिंग जात होती आणि समोरचा फोन गप्प. असं बराच वेळ चाललं. कधी इथे वाजे, कधी नाही. न वाजलेल्या कॉलची हॉस्पिटलच्या कॉल घेणाऱ्या मशीनमध्ये नोंदही नव्हती. म्हणजे ते कॉल इथवर आलेच नव्हते.

थोडं समजावून सांगतो. हे फोन इंटरनेटवर चालतात. बाहेरून कॉल आला की टेलिफोन कंपनी आधी डीएनएसला विचारते, या हॉस्पिटलचे कॉल कोणतं मशीन घेतं? डीएनएस म्हणजे इंटरनेटवरचे पत्ते सांगणारी व्यवस्था. तिच्यात फोनसाठी एसआरव्ही नावाची नोंद असते. आधी कोणत्या मशीनकडे जायचं, ते बंद असेल तर कुठे वळायचं, आणि दोन मशीन बरोबरीची असतील तर कॉल कसे वाटायचे, हे सगळं त्या नोंदीत असतं.

मी लॅपटॉपवर नोंद उघडली. दोन मशीन, दोन्ही बरोबरीची. अर्धे कॉल सौंसरला, अर्धे पांढुर्ण्याला.

"पांढुर्ण्याले तर बाबांचा जुना दवाखाना," साहेब म्हणाले. "तवा दोन्हीकडे नंबर एकच होता. पण बाबा गेल्यापासून खोलीले कुलूप आहे. मशीन बंद असन."

"बंद असतं तर काही बिघडलं नसतं सर. सगळे कॉल आपोआप इकडे वळले असते. ते चालू आहे, म्हणून हा घोटाळा."

साहेबांना पटेना. पांढुर्ण्याची नोंद मी तिथल्या तिथे काढू शकत होतो, पण मग प्रज्ञावरचा ठपका तसाच राहिला असता. मी म्हणालो, "चला, बघूनच येऊ."

पांढुर्ण्याच्या घरी साहेबांच्या आईने, काकूंनी, कुलूप स्वतः उघडलं. खोली जशीच्या तशी ठेवलेली. भिंतीवर मोठ्या डॉक्टरांचा, म्हणजे साहेबांच्या वडिलांचा फोटो, फोटोपुढे विजेचा बारीक दिवा. तो दिवा विझू द्यायचा नाही म्हणून खोलीची वीज कोणी बंद केली नव्हती. त्याच बोर्डावर जुनं मशीन होतं आणि घराचं इंटरनेटही. मी मोबाइलवरून पुन्हा नंबर लावला. दुसऱ्या खेपेला टेबलावरचा फोन वाजला.

साहेब खुर्चीवर बसले. "आई, हा फोन वाजते?"

"रोज वाजते."

"मंग सांगतलं काहून नाही?"

काकू फोटोकडे बघत होत्या. "मले वाटे, लोक अजून तुह्या बाबालेच विचारून राहिले. म्हणून वाजू देत होती."

साहेबांनी रामाकोन्याच्या म्हाताऱ्याचं सांगितलं आणि प्रज्ञाचंही. काकूंनी पदर तोंडाला लावला.

मी पांढुर्ण्याची नोंद काढून टाकली. बदललेली नोंद सगळीकडे पोचायला थोडा वेळ लागतो, तोवर कॉल इकडेच येत राहतात. म्हणून जुन्या मशीनची पिनही काढली. दिव्याला हात लावला नाही.

"मले सौंसरले घेऊन चाल," काकू म्हणाल्या.

संध्याकाळच्या ओपीडीला गर्दी होती. प्रज्ञा डबा आवरून निघायच्या तयारीत होती. काकू काउंटरपाशी गेल्या. "पोरी, तो फोन मी आयकत होती. तुहा काही कसूर नाही." मग त्या मुलाकडे वळल्या. "तू इले सगळ्यांसमोर बोलला ना? आता सगळ्यांसमोरच सांग."

साहेबांनी सांगितलं. अडखळत सांगितलं, पण माफी मागितली. प्रज्ञा उभ्याउभ्या रडली आणि डोळे पुसून पुन्हा खुर्चीवर बसली.

एखादं मशीन वापरातून गेलं की त्याचं नाव नोंदीतूनही काढा, हे मी आता प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावतो. आणि कामावरच्या माणसाला घरी पाठवण्याआधी आपलाच नंबर एकदा स्वतः लावून बघा, हेही सांगतो. पहिलं तेवढं ते लिहून घेतात.