कॉलमला दिलेलं नाव
नव्या जीन्सचा वास आला की उल्हासनगरची आमची खोली आठवते. बाबांच्या माघारी आई घरी जीन्सचे दोरे कापायची, त्यावर माझं कॉलेज चालायचं. एका संध्याकाळी, स्टॅटिस्टिक्सचं प्रॅक्टिकल उद्यावर आलेलं असताना, घरी आलेल्या मैत्रिणीच्या ग्राफिंग कॅल्क्युलेटरवर माझा आलेख काही निघेना. "नुसते आकडे भरलेस. वर कॉलमला नाव दे, त्याशिवाय लिस्ट सापडत नाही त्याला," मैत्रीण म्हणाली. मी आईचं नाव टाकलं, तिला तसं सांगितलं आणि आलेख उमटला. "माझं कशाला? मी शाळेत तरी गेले का?" आई ओशाळली. "आंटी, अब आप सीधा कॉलेज में," मैत्रीण हसली. आई कात्री खाली ठेवून कितीतरी वेळ स्क्रीनकडे बघत राहिली. आई आता नाही. तिला तसं पुन्हा एकदा बघावंसं वाटतं. मी पदवीधर झाले, आमच्या घरातली पहिली.