मामांसाठी पाहिलेली कुस्ती

उस्मानाबादपासून लातूर जिल्हा वेगळा झाला आणि माझ्या नवऱ्याला तिथल्या नव्या कचेरीत नोकरी लागली. पावसानं दगा दिला तेही त्याच साली. मुखेडजवळच्या आमच्या गावची जत्रा मात्र भरली. माझे सासरे, त्यांना मी मामा म्हणायची, तरुणपणी कुस्तीच्या फडात उतरलेले. आता दोन्ही डोळ्यांनी दिसत नव्हतं. दरवर्षी त्यांना कुस्त्यांना नवरा न्यायचा. यंदा त्याला सुट्टी मिळाली नाही.

"मी नेते," मी म्हणाले.

"बायामाणसांचं तिथं काय काम?" सासूबाई करवादल्या.

खरं तर मलाच पाहायचं होतं. उदगीरला माहेरी मी कुस्त्यांची हलगी नुसती गच्चीवरून ऐकलेली.

ओढ्याकाठच्या पडीक वावरात फड होता. शिंपायला पाणी नसल्यानं माती नुसतीच नांगरून भुसभुशीत केलेली. आम्ही मागं एका बैलगाडीवर बसलो.

शेवटची कुस्ती मुखेडच्या आणि उदगीरच्या पैलवानाची. पुकारणारा उदगीरच्याला सवयीनं "उस्मानाबाद जिल्हा" म्हणाला, लोक हसले, मग त्यानं "लातूर, लातूर!" अशी दुरुस्ती केली.

"सांग आता," मामा म्हणाले. "आपला काय करून राहिला?"

"दोघं एकमेकांच्या मानेवर हात टाकून नुसते उभेत."

"नुसतं न्हाई ते. पाय बघ."

मी पाय बघितले. बोटं मातीत रुतवून दोघं एकमेकांना रेटत होते. वरून थांबल्यासारखं दिसत होतं, पण पोटऱ्या थरथरत होत्या. मी गाडीवर कधी उभी राहिले, मलाच कळलं नाही.

"मामा, उदगीरच्यानं हात ओढला! खांद्यावरून... पाठीवरच घेतला की आपला गडी!"

"धोबीपछाड! पाठ लागली का?"

धुरळा उडाला होता. पुढची माणसं उठली. धुरळा बसेपर्यंत मामांनी माझा पदर घट्ट धरून ठेवला. मुखेडचा आकाशाकडं तोंड करून पडला होता.

"लागली, मामा. आपला हरला."

त्यांनी माझा पदर सोडला. मग म्हणाले, "तुझ्या माहेरचा जिंकला म्हण की. चल, भेटू त्याला."

गर्दीतून वाट काढत मी त्यांना नेलं. पैलवान पाया पडायला वाकला. मामांनी त्याचे खांदे चाचपले, मग कान. ते कान मी पहिल्यांदाच जवळून पाहत होते. सुजून दगडासारखे झालेले, भोकं जेमतेम दिसत होती.

"कान कशानं असे झाले?" मी न राहवून विचारलं.

पैलवान लाजला. "मातीत घासून घासून, अक्का. आता दुखत न्हाई."

"ऐकू येतं?"

"हाव, सगळं येतं," तो म्हणाला, आणि मामा मोठ्यांदा हसले.