अण्णांची रिकामी सीट

रस्त्याच्या कडेला उभा असलेला माणूस मागे टाकून पुढे जाणे दुधनीच्या अण्णांना जमत नसे. हा त्यांचा चांगुलपणा होता, एवढेच म्हणणे अपुरे ठरेल. तुम्हाआम्हाला शिंक आवरत नाही, तसा अण्णांना ब्रेक आवरत नसे. घर आणि शेती दुधनीला, कापडाचे दुकान सोलापुरात नवी पेठेत, आणि ये-जा स्वतःच्या जीपने. त्या वाटेवर ज्याने कधी वाहनाची वाट पाहिली, त्याला ती जीप ठाऊक आहे. "बर्री, बर्री!" अशी कानडीत 'या, या' करून ते दार उघडत आणि आतल्यांना मराठीत दटावत, "जरा सरका की. माणूस हाय, पोतं न्हाय."

माझा त्यांचा परिचय याच सवयीमुळे झाला. सोलापुरात कचेरीच्या दारात टेबल टाकून अर्ज लिहिण्याचा माझा व्यवसाय आहे. शिक्षण नववीपर्यंतच झाले असले, तरी माझ्या मसुद्यातला शब्द बदलण्याची हिंमत भल्याभल्या वकिलांना झालेली नाही, हे येथे नमूद करतो. एकदा, हे गृहस्थ वडाप चालवतात, म्हणजे विनापरवाना भाड्याने माणसे भरतात, अशा संशयावरून पोलिसांनी अण्णांची जीप अडकवून ठेवली. अण्णा अर्ज लिहून घ्यायला आले ते जीपमधल्या सगळ्या प्रवाशांसह. त्यांतली एक म्हातारी, काखेत कोंबडी धरून, हवालदाराच्या अंगावर गेली. "भाडं मागितलं आसतं तर ह्येच्या गाडीत बसले आसते व्हय मी? यष्टी काय मेली हुती?"

जीप सुटली. माझा मसुदा प्रभावी होताच, परंतु म्हातारीचाही थोडा वाटा होता. सुटल्याबरोबर अण्णांनी मला विचारले, "अर्जवाले, कुटं सोडू?" माझे घर नेमके उलट्या दिशेला होते. त्यांनी मला दारात नेऊन सोडले, आणि कोंबडीसह ती म्हातारी माझ्या घरी चहा पिऊन गेली. तेव्हापासून आमचा स्नेह जडला.

त्या जीपमध्ये अण्णांच्या शेजारची सीट आजारी, म्हातारे किंवा पोटुशी बाई यांच्यासाठी असे. अण्णांच्या पत्नी, ज्यांना आम्ही सगळे अक्का म्हणतो, कायम मागे बसत. मांडीवर कुणाचे तरी मूल, पायांशी कुणाचे तरी गाठोडे. त्यांच्या तोंडून तक्रारीचा शब्द मी कधी ऐकला नाही, आणि न ऐकलेल्या तक्रारीची दखल घेण्याची माझ्या व्यवसायात पद्धत नाही.

काही वर्षांपूर्वी अण्णांनी अक्कांना श्रीलंका दाखवायचे ठरवले. दोघांनीच जाणे त्यांच्या स्वभावात नव्हते. "परदेशात कागदं लई लागतात, तुमी पायजेच," असे म्हणून त्यांनी मला व आमच्या सौभाग्यवतींना बरोबर घेतले. गाडी भाड्याने घ्यावी की बसने हिंडावे, हा प्रश्न विमानातच निघाला. मी गाडीच्या बाजूने बोललो. सामान, वेळ, आणि विशेषतः प्रतिष्ठा, असे तीन मुद्दे मांडले. तिकडेही आपल्यासारखेच डाव्या बाजूने वाहन चालवतात आणि गाडी चालवण्याच्या परवानगीचे कागद मी चोख तयार केले होते. अण्णांचे म्हणणे एकच, "बसमधी माणसं आस्तात की." अखेर माझ्या युक्तिवादाचा विजय झाला आणि गाडी आली.

पहिल्या दिवशी आम्ही डोंगरातल्या चहाच्या मळ्यांकडे निघालो. पहिला बसथांबा दिसताच गाडी थांबली. अण्णांनी काच खाली केली, "बर्री!" तिथली बाई दोन पावले मागे सरकली. दुसऱ्या थांब्यावरच्या शाळेच्या मुली पळाल्या. मी म्हणालो, "अण्णा, हा परदेश आहे. येथे आपल्याविरुद्ध तक्रार होऊ शकेल."

"कशाची? बसा म्हनल्याची?"

तिसऱ्या थांब्यावर मात्र एक वृद्ध भिक्खू शांतपणे आत येऊन बसले. त्यांना मान म्हणून मी पुढची सीट सोडली. मग मळ्यात काम करणाऱ्या दोन तमिळ बाया आल्या. तमिळ बायांना कानडी समजतेच, असा अण्णांचा ठाम समज होता, आणि आश्चर्य असे की, त्या बाया त्यांच्याशी बोलत होत्या, हसत होत्या. एकीने आपला भलामोठा फणस अक्कांच्या मांडीवर ठेवला. उतरेपर्यंत अक्कांना खिडकीबाहेरचे काही दिसले नाही.

संध्याकाळी मुक्कामावर अण्णा म्हणाले, "गाडी परत करू. उद्यापास्नं बस. ही माणसं बिचारी भितात, आन् मला रिकामी सीट बघवंना."

"बस नको," अक्का म्हणाल्या.

आम्ही तिघेही त्यांच्याकडे पाहू लागलो. अक्का मान वर न करता बोलत होत्या. "लगीन झाल्यापास्नं तुमच्या शेजारी कदी बसले मी? एकदा बी न्हाय. तुमी चांगलं करताव, मी कशाला आडवी येऊ? पर एक दिवस. तुमी आन् मी. मागं कुनी नको."

"आगं, पर वाटंत कुनी हुभं आसलं तर?"

"आसू दे."

अण्णा कितीतरी वेळ गॅलरीत उभे होते आणि खालच्या रस्त्यावरून जाणारी प्रत्येक गाडी पाहत होते. मला खरोखर वाटत होते की, हे यांना जमणार नाही. माणसाने बायकोसाठी दागिना करावा, तीर्थाला न्यावे; पण स्वतःचा स्वभाव एक दिवस बाजूला ठेवावा, ही मागणी फार मोठी होती.

सकाळी ते मला म्हणाले, "अर्जवाले, तुमी दोघं बसनं या."

ज्याच्या युक्तिवादामुळे गाडी आली, त्यालाच गाडीतून उतरवण्यात आले होते. क्षणभर मला अपमान वाटला, हे मी नाकारत नाही. सौभाग्यवती तर थांब्यावर पोहोचेपर्यंत पुटपुटत होत्या, "एवढे शहाणे तुम्ही, आणि शेवटी पायीच ना?"

बस येईना. धुके होते, थांब्यावर आमच्याबरोबर टोपल्या घेतलेल्या बाया होत्या, एक लंगडा म्हातारा होता. इतक्यात वळणावरून अण्णांची गाडी आली. शेजारी अक्का होत्या, ठेवणीतले इरकली लुगडे नेसलेल्या, काच पूर्ण खाली केलेली. मागची सीट पूर्ण रिकामी. सौभाग्यवतींनी सवयीने हात वर केला. मी तो धरून खाली घेतला.

गाडीचा वेग कमी झाला. अण्णांनी आम्हाला पाहिले होते, म्हाताऱ्यालाही पाहिले होते. त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. ओझ्याखालच्या हमालाचा असतो, तसा तो आवळलेला होता. अक्का नुसत्या समोर पाहत होत्या. मग गाडीने पुन्हा वेग घेतला आणि ती आमच्या पुढ्यातून निघून गेली.

"अहो, थांबले नाहीत की!" सौभाग्यवती म्हणाल्या.

कचेरीच्या दारात बसून मी मोठमोठी माणसे पाहिली आहेत, मंत्र्यांना निवेदने दिली आहेत. परंतु गेलेल्या गाडीला नमस्कार करावा असे मला त्याच दिवशी वाटले. पुढे बसमधून जाताना प्रत्येक थांब्यावर माणसे उभी दिसत, आणि इथूनही अण्णा तसेच पुढे गेले असतील, या विचाराने माझा जीव दडपून जाई.

रात्री जेवताना त्यांनी मला एकच विचारले, "बसमधी कोन कोन हुतं?" मी सगळ्यांची वर्णने केली. दिवसभराच्या उपवासानंतर माणूस जेवतो, तसे ते ऐकत राहिले. अक्का त्यांना वाढत होत्या. दुसऱ्या दिवशी अक्का आपणहून मागे बसल्या आणि पहिल्या थांब्यावर दार त्यांनीच उघडले.

गेल्या वर्षी अण्णा गेले. दुधनीला भेटायला गेलो, तेव्हा अंगणात माणसे मावत नव्हती. जो तो सांगत होता, अण्णांनी मला अमुक ठिकाणी उचलले, दवाखान्यात पोहोचवले, परीक्षेला नेले. अक्का सगळ्यांचे ऐकून घेत होत्या. आमच्या सौभाग्यवतींनी हळूच त्यांना विचारले, "अक्का, त्या दिवशी गाडीत काय बोलला हो तुम्ही दोघं?"

अक्कांनी डोळे पुसले. "ह्या समद्यांना त्यांचं त्यांचं सांगू दे," त्या म्हणाल्या. "त्यो एक दिवस माजा हाय. त्यो मी कुनाला देनार न्हाय."