रानहळदीचा जागेवाला

आमच्या वाडीत देवापुढे गाऱ्हाणं घालावं ते शिवातात्यांनीच. हात जोडले की त्यांचा आवाज आधी विहिरीत उतरतो, मग माडावर चढतो, आणि आपण मागून फक्त 'होय म्हाराजा' म्हणायचं. घरीही तेच. "बा म्हाराजा, जी काय चाय चुलीर अडाकली हा, ती भायर काढ!"

आतून त्यांच्या सावित्रीकाकू: "होय म्हाराजा, हात मोडले काय तुमचे?"

तात्यांनी फोंडाघाटाच्या रानातून रानहळदीचा कंद आणून घराच्या दगडी गडग्याबाहेर, रस्त्याकडेला लावलेला. इतके पावसाळे नुसती पानं. "भाजीक नाय, फोडणेक नाय, कित्या पोसतास?" काकू विचारायच्या. यंदा मात्र फुलली. दांड्या-दांड्यावर खाली पिवळी फुलं, वर गुलाबी तुरा. लेक बोर्डात आल्यासारखे तात्या येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून दाखवत होते.

तेवढ्यात चतुर्थीआधी रस्त्याकडेचं गवत कापायला निलेश मशीन घेऊन आला.

"रे, ह्येका सोड."

"तात्यानू, माका सगळा गवातच दिसता."

निलेश मशीनीत पेट्रोल ओतत होता, तोवर तात्यांनी रानहळदीच्या बुडाशी एक गोटा टेकवला आणि सूर लावला, "बा देवा म्हाराजा, ह्या गडग्याकडे जो काय राखणदार जागेवालो बसलो हा, तेच्यार जो कोण मशीन घालतलो, तेची मशीन थंयच बंद पाड रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा," निलेशच आधी म्हणाला. मशीन खांद्यावर टाकून तो पार वळणापलीकडे गेला.

दुसऱ्या दिवशी गोट्यापुढे अगरबत्ती. मग नारळ. मग शेजारच्या सुभद्राकाकीने रानहळदीचाच टपोरा तुरा खुडून गोट्यावर वाहिला. "जागेवाल्याक आपलाच फूल आवडता," असं तिनेच ठरवलं. झालं! जो येई तो एक तुरा तोडी. तात्या अडवणार कसे? देव त्यांनीच बसवलेला.

"मशीनीन एकदाच कापल्यान असता," काकू पदरात हसल्या.

शेवटी एकच तुरा उरला. त्यालाही सुभद्राकाकीचा हात लागणार, तोच तात्या धावले. "बा देवा म्हाराजा, तुका फूल नको झाला हा! जो कोण तोडीत, तेच्यार रागाव रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा," काकीने हात मागे घेतला. "मगे तेका होया तरी काय?"

तात्यांनी रानहळदीच्या बुडाकडे पाहिलं, हात जोडले. मग माडाच्या शेंड्यावरून त्यांचा आवाज आला, "शेणखत, म्हाराजा!"

वाडीने टोपल्या रिकाम्या केल्या. तुरा शाबूत आहे. रोज सकाळी तात्या नाकाला पंचा लावून, कौतुकाने त्याच्यापुढे उभे असतात.